बाळाची पहिली बैठक

पहिल्या बाळंतपणाची चाहूल लागली कीं घरांत पाळण्याच्या कड्या तपासल्या जातात, जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं शिवलीं जातात, माळ्यावरची कुंची खालीं येते. ज्या घरीं मोटार आहे, तेथें ह्या तयारींत आणखी एका वस्तूची भर पडावयास हवी. बाजारांत तिला ‘कार सीट’ म्हणतात. मोटारींत बाळास पट्ट्यांनीं बांधून बसविण्याची ती स्वतंत्र बैठक होय. हा विषय निघाला कीं वडील मंडळींकडून हटकून प्रश्न येतो, “आजीच्या मांडीपेक्षां ही प्लॅस्टिकची टोपली सुरक्षित कीं काय?” प्रश्नामागील माया आम्ही जाणतों, पण उत्तर “होय” असेंच द्यावें लागतें.

ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एकाएकीं आदळली, तर आंतील मोकळ्या जीवास बसणारा धक्का सुमारें दहा मीटर उंचीवरून पडल्यासारखा असतो. त्या क्षणीं चार किलोंचें बाळ शंभर किलोंच्या घरांत जड होतें, आणि एवढें ओझें कोणाच्याच मिठींत टिकत नाहीं. आपल्याच पट्ट्याखालीं बाळास घेणें तर त्याहून वाईट. कारण मोठ्या माणसाचा सारा भार बाळावर येतो. २०१९ च्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यावांचून वा अशा बैठकीवांचून नेल्यास हजार रुपये दंड ठरविला आहे. पण दंडाच्या भयानें घेण्याची ही वस्तु नव्हे.

निवड करतांना रंग आणि गादी शेवटीं पाहावी. आधीं पाहावें तें हें कीं ती पाठमोरी बसते काय. म्हणजे बाळाचें तोंड मोटारीच्या मागील बाजूस राहतें काय. नवजात बाळाचें डोकें त्याच्या लांबीच्या चौथाईइतकें असतें आणि मान अगदीं कोंवळी. पाठमोऱ्या बैठकींत समोरून धक्का बसला तरी पाठ, मान व डोकें तिन्ही टेकलेलीं राहतात. अंतराळवीर उताणे निजून उड्डाण करीत, त्यावरून स्वीडनमधील बर्टिल आल्डमन ह्यांस १९६४ च्या सुमारास ही कल्पना सुचली. युरोपच्या ‘आर १२९’ नियमानुसार पंधरा महिन्यांपर्यंत मूल पाठमोरेंच बसविलें पाहिजे; बैठकीच्या वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसेंच ठेवणें अधिक चांगलें. पाय दुमडतात म्हणून आजीनें हळहळूं नये. मुलें खुशाल मांडी घालून बसतात. मात्र जेथें समोर हवेची पिशवी फुगते, त्या पुढील आसनावर पाठमोरी बैठक कदापि ठेवूं नये.

दुसरी गोष्ट, बैठक तुमच्याच मोटारींत घट्ट बसली पाहिजे. शक्य तर मोटार दुकानापाशीं न्यावी. मागील आसनाच्या खांचेंत ‘आयसोफिक्स’च्या लोखंडी कड्या असल्यास काम सोपें; नसल्यास पट्ट्यानें बसणारी घ्यावी. बांधल्यावर पट्टा जेथून जातो तेथें धरून हलवावी. इंचभराहून अधिक सरकली तर ती बैठक त्या गाडीची नव्हे, मग किंमत कितीही असो. नऊ किलोंपासून चालणारी बैठक नवजातास निरुपयोगी. बाळ अपुऱ्या दिवसांचें असल्यास डॉक्टरांस विचारावें.

पाळणा पिढ्यान् पिढ्या चालतो. ही वस्तु तशी चालत नाहीं. जाऊबाईंच्या मुलाची बैठक घ्यावयाची तर ती अपघातांत सांपडली नव्हती ह्याची खात्री हवी, आणि तिच्यावर छापलेली मुदतही पाहावी.

जन्मापूर्वीं बाळाची खरेदी करूं नये असें मानणारीं घरें अद्याप पुष्कळ आहेत. तेथें मामानें किंवा आत्यानें ती आणून स्वतःच्या घरीं ठेवावी. कारण दवाखान्यांतून घरीं येणें हाच बाळाचा पहिला प्रवास असतो. त्या दिवशीं दुपट्यांत गुंडाळलेलें बाळ तसेंच ठेवूं नये. दुपटें सोडावें, पट्टे खांद्यांवरून व पायांमधून घेऊन घट्ट करावे, मगच तें वरून पांघरावें. उन्हाळ्यांत पट्ट्याची कडी तापलेली असते, ती हातानें चांचपावी. घरीं पोंचतांच झोंपलेल्या बाळासही उचलून सपाट अंथरुणावर निजवावें.

एका माणसाची जागा ह्यांत जाते, तेव्हां सर्वांनीं एकाच मोटारींत कोंबून येण्याचा हट्ट सोडावा. काकामंडळी रिक्षानें आलीं तरी बारसें अडत नाहीं. आजीनें मात्र बाळाशेजारीं मागेंच बसावें, आपला पट्टा बांधावा, आणि त्याच्या मुठींत आपलें बोट द्यावें.