पैसा फोनमध्ये गेला, पण चावी कोणाकडे?

पौडच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी घ्या, पिरंगुटला चहा प्या किंवा पावसाळ्यात ताम्हिणीच्या वाटेवर भाजलेले कणीस घ्या. पैसे द्यायची वेळ आली की विक्रेता क्यूआरच्या कागदाकडे बोट दाखवतो. मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क, तर दुसऱ्या टोकाला घाटातल्या वाड्या. राहणीमानात एवढे अंतर असूनही पैसे देण्याची रीत दोन्हीकडे एकच झाली आहे. यूपीआय 2016 मध्ये सुरू झाले. ऑगस्ट 2025 या एका महिन्यात त्यावरून देशभरात 2000 कोटींहून अधिक व्यवहार झाले.

कार्डाला जे जमले नाही ते यूपीआयला कसे जमले? कारण साधे आहे. कार्ड घ्यायचे तर दुकानदाराला मशीन लागते आणि प्रत्येक विक्रीतून कमिशन कापले जाते. क्यूआरचा मात्र छापील कागद चिकटवला की काम होते. शिवाय 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवरचे दुकानदाराचे शुल्क शून्य करण्यात आले. दहा रुपयांची भाजी विकणाऱ्या बाईलाही ते परवडले.

ही वाट पुढे कुठे जाते, हे पाहायचे तर स्वीडनकडे पाहावे. युरोपात कागदी नोटा पहिल्यांदा काढल्या त्या याच देशात, 1661 साली. आज तोच देश नोटा विसरत चालला आहे. 2010 च्या सुमारास तिथल्या दुकानांत दहापैकी चार खरेद्या रोखीने होत. आता दहापैकी एखादीच होते. बाकी सारे कार्डावर किंवा ‘स्विश’ या मोबाइल सेवेवर. पण रोकड इतकी आटली की म्हातारी माणसे, अपंग आणि खेड्यांतले लोक अडचणीत येऊ लागले. शेवटी सरकारला कायदा करावा लागला. 2020 मध्ये तो लागू झाला. मोठ्या बँकांनी लोकांना रोख काढण्याची सोय दिलीच पाहिजे, असे त्यात बजावले आहे. शेजारच्या नॉर्वेने ऑक्टोबर 2024 पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने अधिक पक्का केला. जर्मनीत तर 2023 च्या पाहणीतही निम्म्याहून थोडे अधिक व्यवहार रोखीनेच होत होते. म्हणजे श्रीमंत आणि शिकलेले देशही रोकड पूर्ण सोडायला तयार नाहीत.

तिथे कायदा म्हाताऱ्यांच्या आणि खेड्यांच्या बाजूने उभा राहिला. आपल्याकडे याच प्रश्नाची सुरुवात घराच्या उंबऱ्याच्या आत होते.

पूर्वी पगार झाला की अब्बा खर्चाची रक्कम अम्मीच्या हाती ठेवत. तांदळाच्या डब्यात, कपाटातल्या कपड्यांच्या घडीत तिचे चार पैसे असत. त्यातून भिशी भरली जाई, मुलीसाठी कानातले होई, दारी आलेल्याला काही देता येई. कुणाला विचारावे लागत नसे. आता किराण्याचे पैसे अब्बांच्या फोनवरून जातात, विजेचे बिल मुलगा भरतो, दूधवाल्याला सून ‘टाकते’. अम्मीच्या हातून पैसा जाणेच थांबले आहे. तिला रिक्षाने नणंदेकडे जायचे असले तरी आधी मुलाला फोन करावा लागतो. कुणी तिच्यावर बंधन घातलेले नसते; घरात सगळे प्रेमाने वागतात. तरीही तिचा हात रिकामा होतो.

आपल्या शरीअतने स्त्रीची मालमत्ता तिचीच मानली आहे. मेहर तिची, वारसाहक्काचा वाटा तिचा, शिलाईतून किंवा शिकवणीतून मिळवलेले पैसेही तिचेच. मग हे पैसे पतीच्या किंवा मुलाच्या खात्यात का जमा व्हावेत? घरातल्या प्रत्येक सज्ञान स्त्रीचे स्वतःचे बँक खाते असावे, ते तिच्या स्वतःच्या मोबाइल नंबरला जोडलेले असावे आणि पिन तिलाच ठाऊक असावा. साधा, बटणांचा फोन असेल तरी हरकत नाही. अशा फोनसाठी ‘यूपीआय 123पे’ ही सेवा मार्च 2022 पासून आहे. दादी-नानींना किंवा कॉलेजच्या मुलांना स्वतःच्या खात्यातून मर्यादित खर्च करू द्यायचा असेल तर 2024 मध्ये आलेली ‘यूपीआय सर्कल’ ही सोय वापरता येते. पण पत्नीसाठी ती पुरेशी मानू नये, कारण त्यात खाते दुसऱ्याचेच राहते.

दुसरी गोष्ट कर्जाची. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. क्यूआर तोच, पिन टाकायची पद्धतही तीच. पण जाणारे पैसे आपले नसून उसने असतात. मुदतीत सगळी रक्कम भरली नाही तर व्याज सुरू होते. व्याजापासून दूर राहणाऱ्या घरात ते असे नकळत शिरते. म्हणून ॲपमध्ये कोणते खाते जोडले आहे, हे तरुण मुलांसोबत बसून एकदा तपासा.

तिसरी गोष्ट हिशेबाची. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवा, असे सांगणारी सूरह अल-बकराची 282 वी आयत ही कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. फोनमध्ये प्रत्येक व्यवहार आपोआप नोंदला जातो खरा, पण तो कशासाठी झाला हे फोन सांगत नाही. भावाला दिलेले पाच हजार उसने होते की भेट? सहा महिन्यांनी दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात आणि नात्यात कडवटपणा येतो. पैसे पाठवताना शेरा लिहायची जागा असते, तिथे ‘उसने’ हा एक शब्द लिहा. महिन्याचा हिशेब वहीत उतरवा. जकातीचा हिशेब करतानाही बँकेतली शिल्लक, वॉलेटमधली रक्कम आणि इतरांकडून येणे असलेले पैसे एका ठिकाणी दिसतील.

चौथी गोष्ट जरा कठीण, पण टाळता येणार नाही. घरचा कर्ता माणूस अचानक गेला तर? डबा उघडला की रोकड दिसायची. फोनमधला पैसा दिसत नाही आणि कुलूप उघडता येत नाही. कोणत्या बँकेत खाते आहे, हे पत्नीला माहीत असलेच पाहिजे. पिन सांगायची गरज नाही. बँकांची नावे आणि पासबुके कुठे आहेत एवढे पुरे. खात्याला वारसनोंद करा. नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात. मात्र नोंदवलेली व्यक्ती बँकेकडून पैसे स्वीकारते, एवढ्याने ती एकटी मालक ठरत नाही. ते पैसे वारसांमध्ये त्यांच्या वाट्यांप्रमाणे वाटायचे असतात.

फसवणुकीबद्दल घरातल्या सर्वांनी एकच वाक्य पाठ करावे: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. ‘ईदी पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे कुणी म्हणाले की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिले काही तास मोलाचे असतात, नंतर पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. गेलेल्या पैशांवरून घरातल्या वडीलधाऱ्यांना बोल लावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

आणि थोडी रोकड घरात राहू द्या. मुळशीच्या पावसात वीज जाते, घाटात फोनला रेंज नसते, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यावे लागते. आठवडाभराच्या खर्चाइतक्या नोटा, तीही घरातल्या बाईच्या हाती असाव्यात.

या महिन्यात पगार झाला की एवढे करा: खर्चाची रक्कम अम्मीच्या, पत्नीच्या खात्यात टाका आणि किराण्याच्या दुकानात क्यूआर तिला स्कॅन करू द्या. पहिल्यांदा तिचा हात अडखळेल. शेजारी उभे राहा, पण फोन तिच्याच हातात असू द्या.