जादुगोडाच्या आजाराची नोंद कोण ठेवणार?



झारखंडच्या सिंहभूममध्ये जादुगोडा आहे. संथाळ, हो, मुंडा, आपलेच भाऊबंद तिथे राहतात. 1967 साली तिथे युरेनियम काढायला सरकारी कंपनी आली. टनभर दगडातून किलोभरही युरेनियम निघत नाही. निघतं ते हैदराबादला जातं, अणुभट्टीचं इंधन होतं. उरलेला दगड दळून त्याचा चिखल गावाच्या उशाला तलावात सोडतात. त्यात रेडियम तसंच राहतं. ते निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात. त्यातून रेडॉन वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. चिखल वाळला की धूळ उडते, आणि गुरं तिथेच चरतात. 1996 साली तिसऱ्या तलावासाठी चाटीकोचातल्या घरांवर बुलडोझर फिरवला. 2006 च्या डिसेंबरात पाइप फुटून चिखल ओढ्यात गेला.

हे विष लगेच मारत नाही. किरण शरीराला आतून इजा करतात. इजा बहुतेक वेळा भरते, कधी चुकीची भरते, आणि दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. थोडा किरण म्हणजे थोडा धोका, पण तो रोजचा. एकेका माणसाकडे बोट दाखवून ‘हा किरणांमुळेच आजारी’ असं डॉक्टरलाही सांगता येत नाही. याचाच फायदा घेतात. सरकारी डॉक्टरांनी तिथे कुपोषण, मलेरिया, दारू अशी कारणं सांगितली. (आदिवासी म्हटला की दारू आलीच!) 2004 साली अणुऊर्जा आयोगाच्या शपथपत्रावर सुप्रीम कोर्टाने याचिका फेटाळली.

मग मोजायचं कसं? गावाशी गाव ताडून. 2007 साली ‘इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट’ या डॉक्टरांच्या संघटनेने घरोघर पाहणी केली. खाणीच्या अडीच किलोमीटरच्या आतली गावं आणि तीसेक किलोमीटर लांबची गावं. जवळच्या गावांत व्यंग घेऊन जन्मलेली मुलं, मूल न होणारी जोडपी आणि कॅन्सरचे मृत्यू जास्त निघाले. कंपनीला ते मान्य नाही. पण खाण सुरू व्हायच्या आधीची गावाची वही असती तर कंपनीला एवढं सहज नाकारता आलं नसतं.

प्लॉटच्या दाव्याला आपण दंडाची पावती, म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करतो. शरीराचा पुरावा कोणी ठेवत नाही. जमीन गेली तर निदान मोबदल्याची बोली होते, फुफ्फुसाची होत नाही. तारापूर तर आपल्या शेजारीच आहे, आणि खाणी, कारखाने रोज नवे येताहेत.

म्हणून प्रत्येक पाड्याने या महिन्यापासून एक वही घालावी. जन्म, मृत्यू, पडलेला गर्भ, व्यंग, वय, पाणी कुठलं पितात, कामाला कुठे जातात, सगळं तारखेसह. मागच्या दहा वर्षांचं सुईणीला विचारून लिहा, तिला आठवतं. वही ग्रामसभेत वाचून अंगठे-सह्या घ्या आणि पाड्यातच ठेवा. साहेबाला फक्त नक्कल द्या.