चावायला शिकवणारे पुष्कळ, सोडायला शिकवणारे कुठे?

‘आमच्या जर्मन शेफर्डला अटॅक ट्रेनिंग द्यावं का?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईकडच्या कुत्रेवाल्यांत हल्ली वरचेवर ऐकू येतो. पिल्लू आठ महिन्यांचं, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि घरी येणारा ट्रेनर म्हणतोय की महिन्याभरात ‘तयार’ करून देतो. युरोपात याच्या स्पर्धा असतात हो, असंही कोणीतरी सांगितलेलं असतं. माझं उत्तर सरळ आहे: देऊ नका. पण युरोपाचा दाखला निघालाच आहे तर तिथे काय चालतं ते नीट पाहू.

माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी 1899 साली जर्मन शेफर्डची संघटना काढली. कुत्रा नुसता देखणा नको, कामाचा हवा, हा त्यांचा हट्ट. त्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शुट्झहुंड ही परीक्षा उभी राहिली. कोणत्या कुत्र्यांची पैदास करावी हे ठरवायची ती चाळणी होती. कोणाच्या फ्लॅटची राखण हा तिचा हेतूच नव्हता. आज तिला आयजीपी म्हणतात. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी 100 गुण. त्याआधी बीएच ही परीक्षा पास व्हावी लागते, तीही कुत्रा 15 महिन्यांचा झाल्यावर. तिच्यात त्याला रस्त्यावर नेतात आणि सायकलवाला, धावणारा माणूस, गर्दी यांच्यात तो शांत राहतो का, ते बघतात.

संरक्षणाच्या भागात मैदानावर आडोसे उभारलेले असतात. त्यातल्या एकामागे जाड बाही चढवलेला ‘हेल्पर’ लपतो. कुत्र्यानं त्याला शोधायचं, समोर उभं राहून भुंकायचं, आणि तो स्थिर आहे तोवर दात लावायचा नाही. लावला तर गुण कापतात. हेल्पर पळाला किंवा अंगावर आला की बाही पकडायची, आणि हुकूम मिळाला की सोडायची. पहिल्या हुकमाला सोडली नाही तर आणखी दोनदा सांगता येतं. तरीही जबडा मिटलेलाच राहिला, तर कुत्रा स्पर्धेतून बाद.

चावणं अशा जातीच्या पिल्लाला शिकवावं लागत नाही. पायपुसणं हलवलं तरी ते लोंबकळतं. सगळी मेहनत आवरायला शिकवण्यात आहे, आणि ती वर्षानुवर्षं चालते. आपल्याकडच्या महिन्याच्या पॅकेजात काय मिळतं? गोणपाट, दोरी आणि ‘पकड, पकड’. ‘सोड’ची पाळी येईपर्यंत फी संपलेली असते. ज्या जर्मनीचा दाखला देतात, तिथे प्रशिक्षणात काटेरी पट्टा वापरायला 2022 पासून बंदी आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

या खेळातले जाणकार म्हणतील, कुत्रा रागानं चावत नाही, बाही ही त्याच्या लेखी शिकार असते. पटलं. हेल्परनं बाही हातातून निसटू दिली की बरेच कुत्रे ती तोंडात धरून मैदानभर मिरवतात, हेल्परकडे बघतही नाहीत. मग चोराच्या भीतीनं हे करणाऱ्यानं काय विकत घेतलं? चोर बाही घालून येत नाही.

आता हेल्परचं रूप डोळ्यांपुढे आणा. ढगळ जाड कपडे, हातात काठी, मध्येच आरडाओरडा, मध्येच पळ. आपल्या गल्लीत असं कोण दिसतं? रात्रपाळीचा वॉचमन. पाठीवर पोतं घेतलेली कचरा वेचणारी बाई. झाडूवाला. रिक्षा चुकेल म्हणून धावणारं शाळकरी पोर. मालकाचे पाहुणे गाडीतून उतरून थेट लिफ्टमध्ये शिरतात. त्यांना धोका कमीच. कुत्र्याच्या अर्धवट शिक्षणाची किंमत कोणाच्या पोटरीनं मोजायची, हे असं आधीच ठरलेलं असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. रेबीजच्या इंजेक्शनांसाठी बुडालेला रोज त्या बाईला कोण भरून देणार?

मी बंदीवाल्यांतला नाही. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं 23 जातींवर बंदीचं पत्रक काढलं, त्यात रॉटवायलरही होता. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं, ते बरंच झालं. दोष जातीत शोधणं मालकाला फार सोयीचं असतं. आणि ज्यांना खरोखर हा खेळ खेळायचा आहे, ज्यांच्याजवळ मैदान आहे, अनुभवी हेल्पर आहे, आठवड्यातून तीन दिवस काढायची तयारी आहे, त्यांनी खुशाल खेळावा. त्यांना माझा सल्ला लागत नाही. पण हेल्परला पहिला प्रश्न ‘किती जोरात पकडेल?’ असा विचारणाऱ्यानं घरी परतावं.

त्या आठ महिन्यांच्या पिल्लाला काम मात्र हवंच आहे. काम नसलं की ते सोफा फाडतं. तर 300 पैकी 100 गुण नाकाचे आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. सकाळचं दवानं ओलं गवत, दहा मीटरची दोरी आणि पावलापावलावर टाकलेले उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. हेल्पर नको, बाही नको. इस्त्रीवाल्याचीही काही हरकत नसेल.