विश्लेषण : ‘सबमिट’च्या आधी गेलेल्या तासांची नोंद कुणाकडे?

वेळापूरच्या एखाद्या सेवा केंद्रात दुपारी दिसणारे हे चित्र आहे. अर्जाची सगळी पाने भरून झालेली असतात. आधार, बँकेचे पासबुक, सातबारा स्कॅन करून जोडलेला असतो. ‘सबमिट’ दाबायचे तेवढे बाकी असते आणि लाइट जाते. कधी लाइट असते, पण पडद्यावर ‘तुमचे सत्र संपले आहे, पुन्हा लॉगिन करा’ असा संदेश येतो. रांगेत मागे उभ्या असलेल्याला यात फारसे काही घडलेले दिसत नाही. अर्जदाराची मात्र सकाळ गेलेली असते आणि तो कामाला खाडा करून आला असेल, तर त्या दिवसाची मजुरीही. केंद्रचालकाचीही मेहनत वाया जाते, कारण त्याला पैसे मिळतात ते पूर्ण झालेल्या अर्जाचे.

लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारा डीटीपीवाला, गुण भरणारे शिक्षक, जीएसटीची विवरणपत्रे भरणारे कर सल्लागार, प्रकल्प लिहिणारी मुले, यांच्यापैकी कुणालाही हा अनुभव नवा नाही. नवे एवढेच, की आता सरकारी लाभ, प्रवेश आणि निवडणुकीची उमेदवारीही याच वाटेने जाते.

भरलेले काम नेमके कुठे असते?

संगणकात लिहिण्याच्या दोन जागा असतात. रॅम म्हणजे पाटी आणि हार्ड डिस्क म्हणजे वही. टाइप केलेले अक्षर आधी पाटीवर उमटते, कारण तिथे लिहिणे खूप जलद होते. रॅममधली माहिती विजेच्या सूक्ष्म भारांच्या रूपात असते आणि हे भार सेकंदाला कितीतरी वेळा पुन्हा भरावे लागतात. वीज तुटली, की पाटी कोरी. ‘सेव्ह’ म्हणजे पाटीवरचे वहीत उतरवून घेणे.

हे उतरवून घेण्याचे काम सॉफ्टवेअर स्वतःही करते, पण प्रत्येकाची पद्धत निराळी. वर्डमध्ये ‘ऑटोरिकव्हर’ची मूळ नेमणूक दर दहा मिनिटांची असते, म्हणजे सगळे सुरळीत असले तरी नऊ-दहा मिनिटांचे काम जाऊ शकते. गुगल डॉक्समध्ये नेट चालू असेल तर लिहिता लिहिता साठवले जाते. मराठी डीटीपीच्या दुकानांत अजून चालणाऱ्या पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ सालची. त्यात ‘अनडू’ एकच पायरी मागे जाते. दोन चुका केल्या, की पहिली कायमची. अशा दुकानांत दर चार ओळींमागे कंट्रोल-एस दाबण्याची बोटांना लागलेली सवय दिसते, ती उगाच नव्हे.

इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. घरगुती इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला क्षणभर वेळ घेतो. पंख्याला तो जाणवत नाही, पण डेस्कटॉप संगणक तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. अनेक इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ असे लिहिलेले बटण असते. ते त्या बाजूला केले, की हा खंड कमी होतो. कित्येक दुकानांत हे बटण बसवल्या दिवसापासून चुकीच्या बाजूला असते.

ऑनलाइन अर्जाचे दुखणे वेगळे का?

संकेतस्थळावर अर्ज भरताना पाटी आपल्याकडे असते आणि वही दूर कुठल्या तरी सर्व्हरवर. ‘पुढे जा’ किंवा ‘सबमिट’ दाबेपर्यंत भरलेला मजकूर फक्त ब्राउझरच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. लॉगिन केल्यावर सर्व्हर एक मुदतीची ओळखचिठ्ठी देतो, त्यालाच ‘सेशन’ म्हणतात. काही मिनिटे काहीच हालचाल झाली नाही, तर सुरक्षेसाठी ही चिठ्ठी रद्द होते. बँकेच्या संकेतस्थळावर हे योग्यच. पण घरी ठेवलेला उत्पन्नाचा दाखला आणायला गेलेल्या माणसाला हाच नियम लावला, तर तो परत येईपर्यंत अर्ज कोरा झालेला असतो.

मोबाइलवर आणखी एक अडचण येते आणि तिचे कारण फारसे कुणाला ठाऊक नसते. अर्ज भरताना ओटीपी येतो. तो पाहायला माणूस संदेशांच्या ॲपमध्ये जातो, परत ब्राउझरमध्ये येतो आणि पान पहिल्यापासून उघडते. फोनची रॅम कमी असेल तर मागे ठेवलेले ॲप अँड्रॉइड गुपचूप बंद करून टाकते. फोटो निवडायला गॅलरी उघडली, तरी तेच. म्हणून ओटीपी वरची सूचनापट्टी खाली ओढून वाचावा, ब्राउझर सोडू नये. लांब उत्तरे आधी फोनच्या नोट्समध्ये लिहून मग अर्जात चिकटवावीत. कागदपत्रांचे फोटो योग्य आकारात आधीच तयार ठेवावेत. फोन जितका स्वस्त, तितका हा त्रास अधिक; आणि स्वस्त फोनवरून अर्ज भरणाऱ्यालाच त्या योजनेची गरज जास्त असते.

हे मोठ्या प्रमाणावर कधी घडले?

डिसेंबर २०२२ चे उदाहरण बोलके आहे. राज्यातील ७,७५१ ग्रामपंचायतींच्या निवडणुकीसाठी २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर या काळात उमेदवारी अर्ज भरायचे होते. उमेदवाराने माहिती आधी संकेतस्थळावर भरायची, मग छापील प्रत सही करून द्यायची, अशी पद्धत. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ इतके मंदावले, की गावोगावचे इच्छुक संगणकासमोर ताटकळत बसले. अखेर राज्य निवडणूक आयोगाने पारंपरिक पद्धतीने कागदावर अर्ज घ्यायला मुभा दिली आणि २ डिसेंबरची वेळ सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढवली. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर २०२० मध्येही ग्रामपंचायतींच्याच निवडणुकीत आयोगाला हेच करावे लागले होते.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा योजना आली. अर्ज करायची मुदत ३१ जुलै होती. शेवटच्या आठवड्यात सेवा केंद्रांवर झुंबड उडाली, संकेतस्थळ संथ झाले आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. २०२५ मध्ये अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदा संपूर्ण राज्यात लागू झाले. तोवर मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्याच भागांतील मुलांना त्याची सवय होती. माळशिरस तालुक्यातल्या दहावी झालेल्या मुलांसाठी हा पहिलाच अनुभव. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. त्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडले आणि वेळापत्रक पुढे ढकलावे लागले.

या तिन्ही वेळी मुदत वाढली, हे खरे. पण ती वाढली सगळ्यांचे अडले तेव्हा. एकट्या वेळापुरात दोन तास वीज नसेल किंवा पालखी मुक्कामाला असताना लाखोंच्या गर्दीत मोबाइलची रेंज बसली असेल, तर कुठल्याही योजनेची मुदत त्यासाठी हलत नाही.

चूक यंत्राची नसून माणसाची असेल तर?

ती मोठमोठ्यांच्याही हातून होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या. ऐनवेळी बहुतेक निकामी निघाल्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली, त्यामुळे नुकसान सहा तासांवर निभावले. ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली १९९८ मध्ये अशाच पुसल्या गेल्या होत्या. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका सहकारी बाईंच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला.

दक्षिण कोरियाचे नशीब तेवढे चांगले नव्हते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचारी आपली कामे ज्या ‘जी-ड्राइव्ह’वर ठेवत, तिथली ८५८ टेराबाइट माहिती जळाली. तिचा दुसरीकडे बॅकअप नव्हता. कागदाच्या काळात हे होत नव्हते, असे मात्र कुणी म्हणू नये. २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीत फायलींचे ढीग खाक झाले. त्यानंतरच राज्यात फायली संगणकावर नेण्याच्या कामाला जोर आला.

घरच्या संगणकावर फाइल चुकून ‘डिलीट’ झाली, तर ती लगेच पुसली जात नाही. अनुक्रमणिकेतून नाव काढावे पण पान तसेच राहावे, असे काहीसे होते. त्या पानावर दुसरे काही लिहिले गेले, की संपले. म्हणून अशा वेळी संगणकावर नवे काही साठवू नये, ‘रिकव्हरी’चे सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर उतरवू नये. नव्या एसएसडी डिस्कमध्ये आणि फोनमध्ये मात्र ही सोय जवळपास उरलेली नाही. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, तिथे आधी पाहावे. आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. फोन आणि क्लाउड ‘सिंक’ असणे म्हणजे बॅकअप नव्हे. गुगल फोटोजमध्ये फोनवरून काढलेला फोटो क्लाउडमधूनही जातो. खरी दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्य तर वेगळ्या घरात हवी. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीपासून सोसायटीच्या हिशेबापर्यंत सगळ्यांना हे लागू आहे.

गेलेल्या तासांचा हिशेब कोण ठेवतो?

सध्या कुणीच नाही. पैशांच्या बाबतीत तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून वजा झाले, पण पोहोचले नाहीत, तर ते पाच दिवसांत परत यायला हवेत. न आल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. म्हणजे अडकलेल्या रकमेला मुदत आहे आणि दंडही. अर्जाच्या खिडकीत अडकलेल्या तीन तासांना दोन्ही नाही.

महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. सेवा ठरलेल्या मुदतीत दिली नाही, तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण ही मुदत मोजायला सुरुवात होते ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर. सहाव्या पानावर बंद पडलेला अर्ज कायद्याच्या दृष्टीने कधी आलेलाच नसतो. त्याला क्रमांक नाही, पोच नाही, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. एखाद्या संकेतस्थळावर दिवसभरात किती अर्ज अर्ध्यात तुटले, हा आकडा सर्व्हरच्या नोंदींतून काढता येतो. तो जाहीर करण्याची प्रथा मात्र नाही.

तांत्रिक कारण पुढे करायलाही फारशी जागा नाही. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर अर्धवट विवरणपत्र साठवून ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे भरता येते. महाराष्ट्राच्याच ई-पीक पाहणी ॲपमध्ये शिवारात रेंज नसली, तर नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज मिळाल्यावर अपलोड करता येते. शेतकऱ्याला बांधावर जे देता आले, ते सेवा केंद्राच्या टेबलावर देता येणार नाही असे नाही. प्रत्येक पानावरची माहिती सर्व्हरने लगेच साठवावी, सत्र संपण्याआधी इशारा द्यावा, संकेतस्थळ जितका वेळ बंद राहील तितकी मुदत आपोआप वाढावी, या मागण्या नव्या योजनेचे कंत्राट देतानाच अटींमध्ये लिहिता येतात. मुदतवाढीसाठी दरवेळी आमदारांचे निवेदन आणि मंत्र्यांची घोषणा लागू नये.

तोवर अर्जदाराच्या हाती एकच साधन आहे : पुरावा. बिघाड झाला, की पडद्याचा फोटो तारीख-वेळेसह घ्यावा. शुल्क कापले गेले असेल, तर व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा आणि लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. अर्जाची नोंद सर्व्हरकडे झाली आहे का, ते आधी पुन्हा लॉगिन करून पाहावे, कारण अनेकदा अर्ज पोहोचलेला असतो, फक्त पोच उमटलेली नसते. मदत क्रमांकावर तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा.

अर्ज क्रमांक शेवटच्या पानाऐवजी पहिल्याच पानावर मिळू लागला, तर लाइट गेल्यावर केंद्रचालकाला निदान एवढे सांगता येईल : हा क्रमांक लिहून घ्या, संध्याकाळी या, इथूनच पुढे भरू.