हुक कापायचा नाही

आमच्या जीपच्या मागच्या बाजूला एक हुक आहे. बोटभर जाडीच्या सळईचा, जाड पट्टीवर वेल्डिंग करून बसवलेला. दिसायला ओबडधोबड. १९८४ साली अण्णांनी लोणंदच्या एका मिस्त्रीकडून तो करून घेतला, कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रेलर बाजार समितीत ओढून न्यायला. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका गॅरेजवाल्यानं जीप दुरुस्तीचं एस्टिमेट दिलं, त्यात एक ओळ होती: 'जुने वेल्डिंग व हुक काढून चेसिस मूळ स्थितीत आणणे, रु. ३५,०००.'

त्या एका ओळीवरून माझं डोकं फिरलं, आणि हा लेख त्या ओळीशी भांडण्यासाठी लिहितो आहे.

जीप १९६८ची. अण्णांनी ती १९७७ साली सरकारी लिलावात घेतली. सात वर्षं पेट्रोलवर चालवली. पण पेट्रोल परवडेना. डिझेल बरंच स्वस्त होतं. मग मिस्त्रीनं पेट्रोलचं इंजिन उतरवलं आणि डिझेलचं चढवलं. आर.सी. बुकात रीतसर नोंद केली. त्याच आठवड्यात हुक बसला. पुढं या जीपनं कांदा वाहिला, कडबा वाहिला, लग्नाची वऱ्हाडं वाहिली. माउलींची पालखी नीरास्नान करून लोणंदला मुक्कामाला आली, की तळावर पिठलं-भाकरीच्या पाट्या हिनंच पोचवल्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आईला रात्री दवाखान्यात हिनंच नेलं. अण्णा गेल्यावर ती शेडमध्ये दहा वर्षं उभी राहिली. पत्र्याला गंज चढला, टायर चिरले, उंदरांनी वायरिंग खाल्लं.

जुनी गाडी दुरुस्त करायची म्हटली की आता दोन रस्ते दिसतात. एक, भंगारवाला. तो किलोवर बोलतो. दुसरा, शहरातलं 'रिस्टोरेशन'. तो लाखात बोलतो. मला मिळालेलं एस्टिमेट ८ लाख ४० हजारांचं होतं. त्यातला सगळ्यात मोठा आकडा कशाचा असेल? गंजाचा नाही, की टायरचा नाही. मूळ जातीचं पेट्रोल इंजिन देशभर शोधायचं, विकत घ्यायचं, बांधायचं आणि आमचं चालू होऊ शकणारं डिझेल इंजिन काढून टाकून ते बसवायचं, त्याचा. त्याखालोखाल नवीन बॉडीचा. असे पत्र्याचे टब हरियाणातल्या डबवालीकडं बनतात, तिथून मागवायचा. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे गाडी दुरुस्त करायला लागणारच नव्हते. या गाडीनं चाळीस वर्षं गावात काय केलं, ते पुसून टाकायला लागणार होते. वर पुसण्याची मजुरीही मीच द्यायची!

गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, ओरिजिनल नसेल तर व्हॅल्यू नाही."

ओरिजिनल म्हणजे काय, ते जरा बघू. आमची जीप सीजे-थ्री-बी जातीची, उंच बॉनेटची. हे बॉनेट उंच का? १९५३ साली अमेरिकेत विलीस कंपनीनं आधीच्या बुटक्या जीपमध्ये नवं इंजिन घालायचं ठरवलं. त्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळं इंजिनाची उंची वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, मग कंपनीनं बॉनेटच उंच केलं. म्हणजे आज ज्याला शौकीन लोक 'मूळ रूप' म्हणून पूजतात, ते रूपच मुळी इंजिन बदलल्यामुळं आलेलं! पुढं आपल्याकडं महिंद्रानं जीपला जे डिझेल इंजिन दिलं, तेही त्यांच्याच बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनावरून बेतलेलं. कंपनीनं बदल केला तर ते मॉडेल, आणि लोणंदच्या मिस्त्रीनं केला तर ती मोडतोड. हा कुठला न्याय?

कायद्याचंही तसंच. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी पाहिजे, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला २० हजार, नूतनीकरणाला ५ हजार. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच. वयाच्या हिशेबानं आमची जीप यात बसते. पण तिनं काम केलं, कामासाठी इंजिन बदललं, म्हणून बसत नाही. जी गाडी एखाद्या वाड्याच्या पोर्चमध्ये झाकून ठेवली होती ती वारसा. जी बाजार समितीच्या रांगेत उभी राहिली ती नुसती जुनी गाडी. आणि नुसत्या जुन्या गाडीच्या पुनर्नोंदणीची फी २०२२ साली ६०० वरून ५,००० केली गेली होती.

शौकिनांना मी शिव्या देत नाही. त्यांनी पदरचे पैसे घालून कितीतरी गाड्या भंगारातून वाचवल्या. कारखान्यातून निघाली तशी एक जीप कुठंतरी संग्रहालयात असलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या पोरांना ती कळणार कशी? पण प्रत्येक जीप त्याच साच्यात घालायचा अट्टाहास कशाला? लोणंद, फलटण, शिरवळ भागात येऊन हीच मंडळी जीप भंगाराच्या भावानं घेऊन जातात. विकणाऱ्याला वाटतं, आपलं तर सगळं बदललेलं, याला कोण विचारणार. 'ओरिजिनल नाही' या दोन शब्दांनी गावातल्या माणसाचा भाव पाडला जातो.

मी ते एस्टिमेट घेऊन आमच्या मिस्त्रींकडं गेलो. १९८४ला हुक बसवला त्यांचाच हा मुलगा. त्यांनी कागद वाचला, हुकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो हुक कापाय पस्तीस हजार? आमच्या बापानं ह्यो बसवाय साठ रुपयं घेतलं हुतं. आन् कापायचा कशापायी? ह्यो काय रोग हाय व्हय?"

त्यांच्याकडंच काम दिलं. अडीच महिने लागले. हिशेब लपवण्यासारखा नाही, म्हणून देतो. इंजिन उघडून लाइनर, पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, पंप आणि नोझल: ६२ हजार. गंजलेला पत्रा कापून नवा जोडणं: ४८ हजार. ब्रेक, स्टिअरिंग, किंगपिन, कमानपाटे: ३४ हजार. टायर २६, रंग १८, कुशन आणि टप १४, वायरिंग ११ हजार. एकूण २ लाख १३ हजार, मजुरी धरून. हेही थोडे नाहीत. एवढ्यात चांगली वापरलेली छोटी मोटार आली असती, हे बायकोनं मला दोनदा ऐकवलं, आणि ते खरं आहे. पण जो खर्च झाला तो गाडी चालावी म्हणून झाला, ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटावी म्हणून नाही. शिवाय त्यातला मोठा वाटा लोणंदच्याच लेथवाल्याला, पत्रेवाल्याला, कुशनवाल्याला मिळाला. या लोकांना काम मिळालं नाही, तर पुढची जीप बांधायला हात कुठून आणणार? मिस्त्रींचा मुलगा आताच शिरवळच्या कारखान्यात लागलाय. बापाचं काम शिकायला तो तयार नाही, कारण त्या कामाला आपण दामही देत नाही आणि मानही देत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सरकारनं ठरवावं, की इंजिन बदलल्याची नोंद आर.सी. बुकात रीतसर असेल, तर ती नोंद गाडीच्या इतिहासाचा पुरावा मानली जाईल, अपात्रतेचं कारण नाही. शहरातल्या गॅरेजवाल्यांनी एस्टिमेटमध्ये 'चालू करण्याचा खर्च' आणि 'मूळ रूपात आणण्याचा खर्च' वेगळे लिहावेत, म्हणजे गिऱ्हाइकाला कळेल आपण कशाचे पैसे देतोय. आणि ज्यांच्या शेडमध्ये अशी जीप उभी आहे, त्यांनी आर.सी. आणि जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात, खालून पाणी लागू देऊ नये, आणि कुणी किलोवर भाव करायला आला तर आधी गावातल्या मिस्त्रीला दाखवावी.

गेल्या आषाढात पालखी लोणंदला आली, तेव्हा भाकरीच्या पाट्या पुन्हा जीपमधून गेल्या. ट्रेलर त्याच हुकाला जोडला होता.