आमचीं पोरें भरतीलाच कां, परीक्षेला कां नाहींत?

पहाटे साडेचारला आमच्या गांवच्या सडकेवर यावें, म्हणजे अंधारांत वीसपंचवीस पोरें धांवतांना दिसतात. कुणाच्या पायांत बूट, कुणाच्या पायांत भावाचे जुने जोडे, एखादा अनवाणी. शेतकऱ्याचीं पोरें आहेत, सुताराचीं आहेत, कोष्ट्याचीं आहेत, धनगराचीं आहेत. सगळ्यांच्या तोंडीं एकच शब्द : भरती. २०२२ सालीं निघालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणें ही नोकरी चार वर्षांची, आणि पुढें कायम होणार ते शंभरांत फार तर पंचवीस. हें पोरांना ठाऊक आहे, तरी तीं धांवतात.

शिपायाला आम्ही हलका समजत नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. नाहींतर पुढलें वाचून कोणी म्हणेल कीं मास्तरांना साहेबी लागली. पण आम्ही बावीस वर्षें मराठी शाळेंत आहों. आमच्या हाताखालून गेलेलीं कितीतरी पोरें फौजेंत शिपाई झालीं. अधिकारी झालेला एकहि नाहीं. हवाई दलाचें विमान हांकणारा तर दूरच. पोरांना अक्कल नाहीं म्हणावें, तर बिघडलेला पंप उघडून दुरुस्त करणारीं हींच. हिंमत नाहीं म्हणावें, तर पुराच्या पाण्यांतून बैल काढणारीं हींच. मग अडतें कोठें?

अडतें तें असें. धांवावें लागतें हें पोराला कळतें, कारण सडक त्याच्या दारावरून जाते. अधिकाऱ्याची परीक्षा असते, तिच्यासाठीं चार वर्षें आधीं तयारी लागते, हें सांगणारें माणूस त्याच्या दारावरून जात नाहीं. शहरांतल्या बंगल्यांत चुलता कर्नल असतो, शेजारी कॅप्टन असतो. तेथें पोर जेवतां जेवतां हें सारें शिकतें. आमच्याकडे जेवतां जेवतां पोर कांद्याचा भाव शिकतें.

तर आज तेंच सांगूं. हवाई दलांत वैमानिक अधिकारी होण्याचीं मोठीं दारें दोन. एक, बारावीच्या सुमारास द्यावयाची एन.डी.ए.ची परीक्षा. ती संघ लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदां घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि लग्न झालेलें नको. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, दुसरा सामान्य ज्ञानाचा आणि इंग्रजीचा मिळून ६००. त्यांत निभावलें तर पुढें निवड मंडळाचे आणखी ९००. निवड झाली म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याला शिक्षण, राहणें आणि जेवण सरकारच्या खर्चानें. दुसरें दार पदवीनंतरचें. त्या परीक्षेला पोरें 'ॲफकॅट' म्हणतात. ती हवाई दल स्वतः घेतें, २०११ सालापासून. विमान हांकणाऱ्या शाखेसाठीं वय वीस ते चोवीस, पदवीला साठ टक्के, आणि बारावीला गणित व भौतिकशास्त्र दोन्हींत पन्नास टक्के.

हें शेवटलें वाक्य आईबापांनीं दोनदां वाचावें. दहावी झाली, गांवाजवळच्या कॉलेजांत शास्त्र शाखा नाहीं, एस.टी.चा पास काढावा लागतो, म्हणून पोराला कला शाखेंत घातलें, कीं त्याच दिवशीं वैमानिकाचें दार बंद झालें. पोराला हें कळतें पांच वर्षांनीं, जाहिरात वाचतांना. एवढा मोठा निर्णय आपण पासाच्या पैशांवर करतों, आणि करतांना आपण कांहीं निर्णय केला हेंहि आपल्या ध्यानांत येत नाहीं.

ॲफकॅटचा पेपर आम्ही मुद्दाम मागवून सोडवून पाहिला. शंभर प्रश्न, दोन तास, बरोबर उत्तराला ३ गुण, चुकल्यास १ वजा. त्यांतलें अंकगणित पाहून आम्हांला हंसूं आलें : काळ-काम-वेग, नफा-तोटा, सरासरी, शेकडेवारी, गुणोत्तर, सरळव्याज, आगगाडी आणि पूल. हें तर आम्ही फळ्यावर रोज लिहितों! पण सारा पेपर इंग्रजींत, आणि एका प्रश्नाला वेळ सवा मिनिटापेक्षां कमी. (एन.डी.ए.चे प्रश्न हिंदींतहि असतात, परंतु तेथलें गणित अकरावी-बारावीचें आहे, आणि इंग्रजीचे २०० गुण तेथेंहि चुकत नाहींत.) म्हणजे आमच्या पोरांना गणित अडवीत नाहीं, इंग्रजी अडवतें आणि घड्याळ अडवतें.

वजा गुणांविषयीं एक भ्रम पसरला आहे, तो येथेंच काढतों. कोणी सांगतो, अंदाजानें एकहि उत्तर देऊं नका. कोणी सांगतो, एकहि रिकामें सोडूं नका. दोघेहि हिशेब न करतां बोलतात. चार पर्याय असतात. चार प्रश्न डोळे मिटून मारले, त्यांत एक लागला आणि तीन चुकले असें धरूं : आले ३, गेले ३, हातांत भोपळा. पण प्रत्येक प्रश्नांत एक पर्याय नक्की चूक म्हणून खोडतां आला, तर राहिले तीन. असे तीन प्रश्न सोडवले, एक लागला, दोन चुकले : आले ३, गेले २, एक गुण पदरांत. म्हणून ज्यांतलें कांहींच कळत नाहीं तो प्रश्न सोडून वेळ वांचवावा, आणि एक तरी पर्याय खोडतां येतो तेथें कच खाऊं नये. बाजारांत गुरें घेतांना आपण हेंच करतों : आधीं लंगडा बैल बाजूला काढतों, मग उरलेल्यांत निवडतों.

लेखी परीक्षा पास झाली म्हणजे निवड मंडळाचें बोलावणें येतें. हवाई दलाचीं हीं मंडळें डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणशी वगैरे ठिकाणीं आहेत. पहिल्या दिवशीं बुद्धीचे प्रश्न, आणि एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहावयाची व दहापंधरा जणांत बसून तिच्यावर बोलावयाचें. कित्येक त्याच दिवशीं घरीं परत येतात. राहिले त्यांना पुढें साठ शब्द, एकेका शब्दाला पंधरा सेकंद, मनांत येईल तें वाक्य लिहा. अमुक प्रसंग आला तर काय कराल तें लिहा. मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपें देऊन टोळीनें अडथळा ओलांडा. आणि लांबलचक मुलाखत. हें सारें इंग्रजांच्या वेळचें आहे, पण त्याचा इतिहास आपल्या उपयोगाचा आहे. पूर्वीं तेहि घराणें पाहून आणि बोलण्याचा ढंग पाहून साहेब निवडीत. आपल्या देशांत तर कोणती जात लढवय्यी आणि कोणती नव्हे, हें सरकारच ठरवी. ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं येथलें हवाई दल निघालें तेव्हां हिंदी वैमानिक अवघे पांच, आणि तेहि विलायतेंत क्रॅनवेलला शिकलेले. पुढें महायुद्धांत नुसत्या मुलाखतीवर घेतलेले पुष्कळ उमेदवार शिक्षणांतच नापास होऊं लागले. तेव्हां १९४२ सालीं त्यांनीं ही नवी रीत काढली, आणि ती १९४३ सालीं इकडे आली. म्हणजे घराण्याच्या जागीं माणूस पहावयाचा, अशी ही परीक्षा. फळी-दोराच्या कामांत आमचीं पोरें कोणाला हार जाणार नाहींत. पण टोळींत तोंड उघडावें लागतें, आणि आम्ही मास्तरांनीं पहिलीपासून त्यांना काय शिकवलें? तोंडावर बोट, हाताची घडी.

आतां यंत्राची गोष्ट. ज्याला विमान हांकावयाचें आहे, त्याला एक आणखी चाचणी द्यावी लागते. पूर्वीं तीत डायलवरचे कांटे वाचणें आणि हातांत दांडी व पायांखालीं पट्ट्या घेऊन पळता ठिपका चौकटींत धरून ठेवणें, असे प्रकार असत. आतां त्याच जातीची चाचणी संगणकावर होते. ही जन्मांत एकदांच देतां येते. नापास झाला तो पुन्हां कधींहि वैमानिकाच्या शाखेसाठीं उभा राहूं शकत नाहीं. दुसऱ्या शाखांचीं, भूदलाचीं, नौदलाचीं दारें उघडीं राहतात. आकाशाचें मात्र मिटतें.

आमच्याच गांवच्या एका सुताराच्या पोराचें असें मिटलें. पोरगा हुषार, बारावीला शास्त्र घेतलेलें. बापानें पतपेढीचें कर्ज काढलें, एक म्हैस विकली, आणि शहरांतल्या एका क्लासाची फी भरली. क्लासवाल्यानें लेखीची पुस्तकें घोकून घेतलीं. पोरगा लेखी पास झाला, त्याचा फोटो क्लासाच्या फलकावर लागला, आणि क्लासवाल्याचें काम संपलें. यंत्राविषयीं विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, 'अरे, तो गेम असतो.' पोरगा रात्रभर गाडीच्या दारांत बसून गेला. मंडळांत मुलाखतीपर्यंत टिकला. यंत्रावर बसला तेव्हां सूचना इंग्रजींत. अर्ध्या कळल्या, अर्ध्या कळल्या असें त्यानें दाखवलें. विचारावयाची लाज वाटली. पुढें व्हावयाचें तें झालें.

बाप आम्हांला वाटेंत भेटला. म्हणाला, "गुरुजी, म्हस गेली त्येचं काय न्हाई. पन एकदाच बसाया मिळतं ह्ये आमाला कुनीच का सांगितलं न्हाई?"

ह्याला उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, कारण आम्हांलाहि तें ठाऊक नव्हतें. क्लासवाल्याला शिव्या देऊन आम्ही मोकळे झालों असतों. परंतु त्यानंतर आम्ही चौकशीला लागलों आणि जें कळलें त्यानें आमचीच मान खालीं गेली. एन.डी.ए.सारखी लेखी परीक्षा पास होऊन मंडळापुढें जाणाऱ्या महाराष्ट्रांतल्या उमेदवारांसाठीं नाशिक रोड येथें सरकारचें छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथें राहणें, जेवण, शिकवणें मोफत. पत्ता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत मिळतो. दहावीनंतर दोन वर्षें एन.डी.ए.ची तयारी करून घेणारी सरकारी संस्था १९७७ सालापासून छत्रपती संभाजीनगरला आहे. नाशिकला मुलींसाठींहि तशी निघाली आहे. साताऱ्याची सैनिकी शाळा तर १९६१ ची. इतकें सारें आपल्याच कराच्या पैशांवर चाललेलें, आणि आमच्या सुतारानें म्हैस विकली! ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांला बालमानसशास्त्र शिकवलें, पाठाची टांचणें काढावयास शिकवलें; पण पोराच्या पुढल्या वाटा कोणत्या, हें मास्तराला माहीत असावें असें तेथें कोणाला वाटलें नाहीं, आणि पुढें आम्हांलाहि वाटलें नाहीं.

एकदांच संधि हा नियम आम्हांला जाचक वाटतो कां? खरें सांगावयाचें तर नाहीं. विमान म्हणजे बैलगाडी नव्हे. ज्याचे हात-पाय-डोळे एका वेळीं चालत नाहींत त्याला वर पाठवणें म्हणजे त्याच्याच जिवाशीं खेळ. पण नियम इतका कडक, तर तो मराठींत छापून प्रत्येक हायस्कूलच्या भिंतीवर लावावा, ही आमची मागणी आहे. आणि पोरांनीं भिऊं नये. मागावर बसलेला कोष्ट्याचा पोरगा पायानें पावड्या दाबतो, हातानें धोटा फेंकतो आणि डोळा सुतावर ठेवतो. तें काम यंत्रापेक्षां सोपें आहे असें आम्हांला वाटत नाहीं. मात्र जाण्यापूर्वीं पुरी झोंप घ्यावी, शाळेच्या संगणकावर हात बसवावा, आणि सूचना कळली नाहीं तर उभें राहून विचारावें.

पैसा खर्च करण्यापूर्वीं शरीर मोजून घ्यावें. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायांची लांबी ९९ ते १२० च्या दरम्यान. डोळे सरकारी दवाखान्यांत तपासावेत, विशेषतः रंग ओळखतां येतात कीं नाहीं तें. रंगांधळ्याला विमान मिळत नाहीं, आणि हें कित्येकांना तेथें गेल्यावरच कळतें. आणखी एक : जत्रेंत दंडावर वाघ, छातीवर बदामांत नांव असें गोंदवून घेण्याची जी हौस पसरली आहे, ती आवरावी. कोपराच्या आंतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागें एवढीच सूट आहे. आदिवासींना त्यांच्या रिवाजाप्रमाणें सवलत असते. वाघ दंडावर आला कीं साहेबी गेली.

मुलींच्या बापांनीं हें सारें आपल्यासाठीं नाहीं असें समजूं नये. २०१६ सालीं तीन मुली लढाऊ विमानाच्या शाखेंत अधिकारी झाल्या. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एन.डी.ए.चें दार मुलींना उघडून दिलें, आणि मे २०२५ मध्यें पहिल्या सतरा जणी खडकवासल्याहून बाहेर पडल्या. एन.डी.ए.च्या परीक्षेची फी मुलींना नाहीं. आमच्या सातवींत आज गणितांत पहिली येणारी मुलगी एका शेतमजुराची आहे. तिचें लग्न अठरा पुरतांच उरकूं नका, एवढें आम्ही तिच्या बापाला आतांच सांगून ठेवलें आहे. तो हंसला, पण नाहीं म्हणाला नाहीं.

राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत वसतिगृहें काढलीं, तेव्हां खेड्यांतलीं पोरें शहरांत टिकूं लागलीं. आज तालुक्याच्या गांवीं निदान एक अभ्यासिका तरी हवी, जेथें शास्त्र शाखेचीं पोरें रात्रीं राहूं शकतील. बाजार समित्या आणि साखर कारखाने कमानींवर जेवढा खर्च करतात, त्यांतला थोडा इकडे वळवतां येईल.

तें होईल तेव्हां होवो. आम्ही शाळेच्या पडवींत दर शनिवारीं संध्याकाळीं सहा ते आठ बसतों. आठवीपासून पुढल्या कोणत्याहि पोरानें यावें. पहिला तास घड्याळ लावून गणित. दुसऱ्या तासांत एकेकानें उभें राहून पांच मिनिटें बोलावयाचें, आधीं मराठींत, मग मोडक्या इंग्रजींत, आणि हंसणाऱ्याला पुढला नंबर. भिंतीवर १६२.५ ची रेघ मारली आहे. सुताराचा पोरगा आम्हांला मदतीला येतो. यंत्रावर काय काय होतें तें तोच सांगतो, आणि पुढल्या खेपेस भूदलासाठीं तो स्वतःहि बसणार आहे.