संघराज्य भोपाळलाच उतरते

कायद्याच्या विद्यार्थ्यासमोर 'जबलपूर' म्हणा. त्याला भेडाघाटचे संगमरवर आठवत नाही, त्रिपुरीचे काँग्रेस अधिवेशन तर नाहीच. तो म्हणतो, 'एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल.' आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या नागरिकाला न्यायालयात दाद मागता येते का, असा प्रश्न होता. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी 'नाही' म्हटले. न्या. खन्ना एकटे पडले. पुढे 2017 मध्ये तो निकाल त्याच न्यायालयाने मोडीत काढला, आणि मोडीत काढणाऱ्यांमध्ये त्या चारांपैकी एकाचे चिरंजीव होते. पण मला खटल्यापेक्षा त्याच्या नावात जास्त रस आहे. आमचे शहर देशाला ठाऊक झाले ते इथल्या कुठल्या महापौरामुळे नव्हे, तर अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यामुळे. या गृहस्थाला इथल्या कोणी निवडून दिलेले नसते. तो राजधानीच्या हुकमाने येतो आणि राजधानीच्या हुकमाने जातो.

यावर आमच्या गोलबाजारातल्या बैठकीत ठरलेले उत्तर मिळते. 'ती आणीबाणी होती हो. एरवी आपला देश संघराज्य आहे. एकात्म राज्यात प्रांत आणि गावे कशी बांधतात, ते फ्रान्सने आणि डेन्मार्कने बघावे. आपल्याला त्याचे काय?'

हा पहिला पूर्वपक्ष, आणि तो सपशेल चुकीचा आहे. संघराज्य दिल्लीहून निघते, भोपाळला उतरते आणि तिथेच मुक्काम करते. पुढच्या गाडीत ते बसतच नाही. सातव्या अनुसूचीतली राज्यसूची उघडा. पाचवी नोंद स्थानिक शासनाची आहे. म्हणजे नगरपालिका असावी की नसावी, तिने कोणते कर घ्यावेत, तिचा कारभारी कोण, हे सारे राज्याच्या मर्जीवर. दिल्ली आणि भोपाळ यांचे नाते संघराज्याचे असेल, पण भोपाळ आणि जबलपूर यांचे नाते पॅरिस आणि लियों यांच्यासारखेच एकात्म आहे. तेव्हा एकात्म देशांचा अभ्यास आपल्या कामाचा नाही असे कसे म्हणता? आपण राहतोच तशा देशात, फक्त त्याचे नाव मध्य प्रदेश आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे गालातल्या गालात हसू नये. मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसले होते.

वर गंमत अशी की एकात्म म्हणवणारे देश आपल्या गावांना आपल्यापेक्षा सैल सोडतात. नेपोलियनने 1800 साली प्रत्येक जिल्ह्यावर प्रीफेक्ट बसवला. आपल्या कलेक्टरचा तो फ्रेंच चुलतभाऊच. पावणेदोनशे वर्षे हा प्रीफेक्ट गावाच्या ठरावांवर मांड ठोकून होता. 1982 च्या कायद्याने त्याला उठवले. ठराव बेकायदा वाटला तर आता त्याने प्रशासकीय न्यायालयात जावे, स्वतः तो रद्द करू नये. असे पस्तीस हजारांच्या आसपास 'कम्यून' त्या देशात आहेत. कित्येक आपल्या ग्रामपंचायतीहून लहान, पण तिथला महापौर म्हणजे गावचा खराखुरा कारभारी. डेन्मार्कने 2007 मध्ये 271 नगरपालिकांच्या 98 करून टाकल्या, तेही वरूनच, कारण देश एकात्म. पण त्या 98 मधली प्रत्येक नगरपालिका आपल्या रहिवाशांकडून किती आयकर घ्यायचा, हे स्वतः ठरवते. आयकर! आपल्याकडे मालमत्ताकर वाढवायचा म्हटले तरी नगरसेवक आधी आमदाराच्या तोंडाकडे बघतो.

आता हे आमच्या महापालिकेशी ताडून पाहा. इथे 79 प्रभाग आहेत आणि महापौर थेट मतदानाने निवडून येतो. त्याच्या शेजारच्या दालनात बसणारा आयुक्त मात्र राज्य सरकार नेमते, आणि ही व्यवस्था 1956 च्या महापालिका कायद्याइतकी जुनी आहे. महाराष्ट्रात तर महापालिका कायद्याचे कलम 451 आहे, त्याखाली सरकार महापालिकेचा ठराव निलंबित करू शकते आणि विखंडितही करू शकते. 'विखंडित' हा सरकारी मराठीतला मोठा बोलका शब्द आहे. लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा निर्णय मूर्तीसारखा फोडायचा आणि त्याला कार्यालयीन कामकाज म्हणायचे. प्रीफेक्टला जे 1982 नंतर न्यायालयाकडून करून घ्यावे लागते, ते आपल्याकडे एका सहीत होते.

पैशाचेही तेच. 1976 हे साल आमच्या शहराला दोनदा लागले. त्याच वर्षी राज्याने जकात उठवली, इथल्या भाषेत चुंगी. नाक्यांवरच्या रांगा गेल्या याचे मलाही दुःख नाही. पण जकात गेली तेव्हा शहराची स्वतःची मिळकत गेली, आणि तिच्या जागी आली 'चुंगी क्षतिपूर्ती', म्हणजे भोपाळहून येणारी भरपाई. प्रवेशकर आला, 2017 मध्ये तोही वस्तू व सेवा करात बुडाला, भरपाईचा शब्द मात्र टिकला. पालिकेच्या नोकरीतल्या माणसाला महिन्याच्या अखेरीस विचारा, 'पगार झाला का?' तो म्हणतो, 'चुंगी आ जाए, फिर.' नाके मोडून पन्नास वर्षे होत आली तरी चुंगीची वाट पाहणे काही संपत नाही.

'पण 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती झाली ना?' झाली, 1993 मध्ये लागूही झाली, आणि तिच्यामुळे पाच वर्षांची मुदत, महिलांच्या जागा, निवडणूक आयोग मिळाला, हे मी नाकारत नाही. त्या दुरुस्तीखाली अगदी सुरुवातीला, 1994 मध्येच, मध्य प्रदेशाने पंचायत निवडणुका घेतल्या. पण अनुच्छेद 243 डब्ल्यू वाचा. राज्य विधिमंडळ पालिकांना अधिकार 'देऊ शकेल' असे तिथे लिहिले आहे. 'देईल' असे नाही. बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी आहे खरी, पण ते देऊ करायच्या वस्तूंचे सूचिपत्र आहे, पावती नव्हे. आणि पाच वर्षांच्या मुदतीचे तरी काय झाले? आमची महापालिका 2020 पासून 2022 पर्यंत प्रशासकाच्या हाती होती. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक जाहीर करा म्हणून बजावले, तेव्हा जुलैत मतदान झाले.

दुसरा पूर्वपक्ष आमच्या शहराचा लाडका आहे. 'राजधानी गेली, तिथेच सगळे बिघडले.' राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने 1955 च्या अहवालात नव्या राज्याच्या राजधानीसाठी जबलपूरचे नाव सुचवले होते. 1 नोव्हेंबर 1956 ला प्रत्यक्षात मान मिळाला भोपाळला. जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. नागपूरहून ते इथे आले तेव्हा त्याच्याबरोबर मराठी वकील आणि कारकूनही आले, पुढे त्यांचे इथेच बिऱ्हाड झाले. त्या घरांतून हे गाऱ्हाणे मी लहानपणापासून ऐकतो. आमचा महाकोशल मुलूख वेगळे राज्य झाला असता तर, राजधानी इथे असती तर! नागपूरच्या लोकांचे गाऱ्हाणेही याच चालीवरचे. त्यांची तर असलेली राजधानी गेली, आणि 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन पदरात पडले.

या मंडळींना मी विचारतो, राजधानी झाल्याने भोपाळच्या महापौराला काय मिळाले? त्याचा आयुक्तही सरकारच नेमते. त्यालाही चुंगीचीच वाट पाहावी लागते. राजधानीत मंत्र्यांचे बंगले असतात, रुंद रस्ते असतात, पण शहराचे राज्य नसते. वेगळ्या राज्याने आणि नव्या जिल्ह्याने सत्ता खाली येते हा भ्रम आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा निघाला. पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी बोलणारा मुलूख आमच्या जबलपूर विभागात मोडतो, जरी तिथल्या माणसाची पावले नागपूरकडे वळतात. त्याला कलेक्टर जवळ मिळाला, चांगले झाले, दाखल्यासाठी बसभाडे कमी मोडेल. पण तो कलेक्टर भोपाळचाच. याला मी कचेरीची वाटणी म्हणतो, सत्तेची नव्हे. 1999 मध्ये दिग्विजय सिंह यांनी 'जिल्हा सरकार' काढले तेव्हाही जिल्ह्याच्या त्या सरकारचा प्रमुख होता प्रभारी मंत्री, भोपाळहून धाडलेला. महाराष्ट्रात त्यालाच पालकमंत्री म्हणतात. पालक कोणाला लागतो ते आठवा: अज्ञान मुलाला.

तिसरा पूर्वपक्ष, की स्थानिक लोक भ्रष्ट आणि अडाणी असतात म्हणून त्यांच्या हाती कारभार देऊ नये. या युक्तिवादाने विधानसभाही बंद करता येईल. पुढे जाऊ.

मग मंडन काय? ते परदेशातून आणायला नको, आमच्या घरच्या पेटीत आहे. माझे आजोबा सौंसरकडच्या एका खेड्यात मास्तर होते. त्यांच्या कागदांत एक शाळा सोडल्याचा दाखला सापडला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. खाली जांभळ्या शाईचा गोल शिक्का आहे आणि त्यावर भिंगाने वाचता येते: 'जनपद सभा'. जिल्हा परिषद नव्हे, राज्य शिक्षण विभाग नव्हे. शाळा जनपदाची होती.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात 1948 च्या स्थानिक शासन कायद्याने ही जनपदे आली. कल्पना द्वारकाप्रसाद मिश्र यांची. ते जबलपूरचे, आणि तेव्हा नागपूरच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री होते. जिल्हा मंडळे काढून तहसील हा एकक धरायचा. तालुक्याचे गाव आणि भोवतालची खेडी एकाच सभेत बसवायची, म्हणजे बाजारपेठ एकीकडे आणि शेत दुसरीकडे अशी फारकत होणार नाही. राज्याची कामे हळूहळू या सभेकडे सोपवायची आणि सरकारी नोकर तिच्या हाताखाली आणायचे. आज पाऊणशेहून अधिक वर्षांनी 'एकात्मिक तालुका नियोजन' वगैरे नावांनी जे सांगितले जाते ते याहून पुढे गेलेले नाही.

ती योजना फसली हे मला माहीत आहे. पैसा तोकडा होता, कार्यकारी अधिकारी सरकारीच राहिला, आणि 'हळूहळू सोपवू' यातले हळूहळू तेवढे झाले. जनपदेही नागपूरने वरूनच दिली होती, खालून कोणी मागितली नव्हती. विदर्भात 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि जनपद शब्द म्हाताऱ्यांच्या बोलण्यापुरता उरला. आमच्याकडे शब्द टिकला. पाटण, पनागर, सिहोरा, कुठेही जा, पाटी दिसते: 'कार्यालय जनपद पंचायत'. आत मुख्य कार्यपालन अधिकारी बसतो, सरकारने नेमलेला. मिश्रांच्या योजनेतले नाव ठेवले, आशय टाकला.

माझे म्हणणे एवढेच, की जबलपूरने 1956 साली राजधानी गमावली याचे दुःख फार झाले. त्याहून मोठी वस्तू, मिश्रांनी अर्धवट मांडलेला तो डाव, आपण कोणी पुरा केला नाही, आणि त्याची खंत या शहरात कोणाला नाही. तो पुरा करायला नवे राज्य लागत नाही, घटनादुरुस्तीही लागत नाही. विधानसभेच्या एका कायद्याने आयुक्ताची नेमणूक सभागृहाकडे देता येते. ठराव रद्द करायचा असेल तर सरकारने न्यायालयात यावे असे लिहिता येते. उच्च न्यायालय इथेच आहे, भोपाळवाल्यांना गाडीभाडे तेवढे पडेल.

पुढची महापालिका निवडणूक 2027 मध्ये व्हायला हवी. उमेदवार दारात आला की त्याला नाल्याचे आणि दिव्यांचे विचारू नका, ते त्याच्या हातात नाही. त्याला विचारा: तुमचा आयुक्त कोण नेमणार?